गोडीच्या मुलखात ब्रूट

मिरजेच्या पूर्व भागात मालगाव, आरग, बेडग, सलगरे, भोसे, सोनी ही द्राक्षाची गावं. म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून या माळांवर आणलं. त्याआधीही विहिरीच्या, बोअरच्या, वेळप्रसंगी टँकरच्या पाण्यावर लोकांनी बागा जगवल्या होत्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये या गावांत गेलं की पारावर, दूध डेअरीवर, लग्नाच्या मांडवात बोलणं एकच: साखर किती भरली? ज्याच्या त्याच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर. मणी फोडायचा, काचेवर रस टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. अठराच्या आसपास ब्रिक्स आलं की खायच्या द्राक्षाचा व्यापारी येतो. बेदाण्याला बावीस हवी, चोवीस मिळाली तर सोन्याहून पिवळं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. गोडी जितकी जास्त तितका उतारा चांगला. तासगावच्या आणि सांगलीच्या सौद्यांत बेदाण्याला जो भाव मिळतो, तो रंगाचा आणि गोडीचा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते रास्तच आहे.

अशा गोडीच्या मुलखात राहून मला आवडतं ते पेय मात्र साखर जवळजवळ नसलेलं. थंडगार, कोरडी, बुडबुड्यांची वाइन. बाटलीवर ‘ब्रूट’ लिहिलेली. शॅम्पेन नव्हे, नाशिक नाहीतर अकलूजकडची. शॅम्पेन परवडत नाही म्हणून ही पितेस का, असं मला अनेकांनी विचारलं आहे. पैशाचा प्रश्न खराच आहे. आयात वाइनवर गेली कित्येक वर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलं, त्यामुळे शॅम्पेनची बाटली आपल्याकडे मध्यमवर्गाच्या हातात येत नाही. पण मला ही वाइन आवडते ती स्वस्त आहे म्हणून नाही. आपल्या उन्हातून, आपल्या मातीतून असा तरतरीत आंबटपणा निघू शकतो, हे मला या वाइननं दाखवलं. त्याबद्दल लिहावं असं फार दिवस मनात होतं.

आधी कोरडेपणाबद्दल. शॅम्पेन पहिल्यापासून कोरडी होती, असा आपला समज असतो. तसं नाही. एकोणिसाव्या शतकात ती भरपूर गोड असे. रशियाच्या दरबाराला तर ती पाकासारखी लागे; लिटरमागे दोनशे ग्रॅमपेक्षाही जास्त साखर तिच्यात घातली जाई. इंग्रजांना गोडी कमी हवी होती. रँस शहरातल्या लुईझ पोमरी नावाच्या विधवा बाईनं, नवऱ्यामागे धंदा हातात घेऊन, १८७४ सालची कोरडी शॅम्पेन बाजारात आणली. ते सोपं काम नव्हतं. साखर भरपूर असली की कच्च्या, हिणकस वाइनचे दोष झाकले जातात. साखर काढून घेतली की द्राक्ष चांगलं लागतं, ते पिकवावं लागतं, आणि बाटली जास्त दिवस तळघरात ठेवून पैसा अडकवून बसावं लागतं. आज ब्रूट म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ असं लिहिलेली बाटली, नाव काहीही सांगो, ब्रूटपेक्षा गोड असते: १२ ते १७ ग्रॅम. ‘डेमी-सेक’ तर ३२ ते ५० ग्रॅम. दुकानात उभं असताना एवढं लक्षात असलं तरी पुष्कळ फसगत टळते.

बुडबुडे येतात कुठून, हेही सांगायला हवं, कारण सगळी मेहनत त्यात आहे. आधी साधी, पांढरी, बरीच आंबट वाइन तयार होते. ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर. यीस्ट ती साखर खातं, अल्कोहोल किंचित वाढतं, आणि कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला वाट नसल्यानं तो वाइनमध्येच विरघळतो. बाटलीतला दाब पाच-सहा वातावरणांइतका होतो. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटी-तिपटीनं जास्त. एका बाटलीत सुमारे पाच लिटर वायू कोंडलेला असतो. म्हणून तिची काच इतकी जाड, आणि म्हणून बुचाला तारेची जाळी.

मग थांबायचं. साखर संपल्यावर यीस्ट मरतं आणि बाटलीच्या तळाशी गाळ होऊन बसतं. हा गाळ लगेच काढत नाहीत. महिनोन्‌महिने वाइन त्याच्यावरच ठेवतात, आणि त्या मेलेल्या यीस्टमधून हळूहळू भाजक्या पावाचा, बिस्किटाचा वास वाइनमध्ये उतरतो. शॅम्पेनला नियमानं किमान १५ महिने बाटलीत काढावे लागतात, त्यातले १२ गाळावर. सालाची शॅम्पेन असेल तर तीन वर्षं. मुदत पुरी झाली की बाटली थोडी थोडी फिरवत, कलती करत उलटी आणायची, म्हणजे गाळ तोंडाशी जमतो. हे काम पूर्वी हातानं होई. व्हव क्लिको घराण्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यासाठी भोकं पाडलेली लाकडी मांडणी वापरात आली. आता यंत्रं शेकडो बाटल्या एकदम फिरवतात. शेवटी बाटलीची मान गोठवतात, झाकण काढतात, दाबानं गाळाचा बर्फगोळा बाहेर उडतो, आणि झालेली तूट वाइन आणि मोजक्या साखरेनं भरून काढतात.

ही शेवटची मोजकी साखर मला मिरजेच्या सतारीच्या जवारीसारखी वाटते. भोपळा, दांडी, तारा, पडदे, सगळं जागच्या जागी बसल्यावर कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानसेनं केसभर घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तेवढ्यानं वाद्याचा आवाज उघडा होतो नाहीतर बंद. वाइन करणाराही तसाच पाच ग्रॅम, सात ग्रॅम, नऊ ग्रॅम साखरेचे नमुने शेजारी शेजारी ठेवून चाखतो. दोन ग्रॅमनं आंबटपणाला धार राहते की बोथटते, ते ठरतं. ब्रूट म्हणजे साखरेचा अभाव, असं मी म्हणणार नाही. साखर नेमकी कुठे थांबवायची याची जाण म्हणजे ब्रूट.

आता आपल्या उन्हाचं. शॅम्पेनचा प्रदेश विषुववृत्तापासून ४९ अंश उत्तरेला, वर्षाचं सरासरी तापमान ११ अंशांच्या आसपास. तिथं द्राक्ष पिकतं तेच मुळी कष्टानं, आणि म्हणून आंबट राहतं. त्या थंडीनं तिथल्या लोकांचं जे नुकसान केलं, त्यातूनच त्यांनी ही वाइन उभी केली. आपण १७ अंशांच्याही अलीकडे. इथली वेल बर्फाखाली झोपी जात नाही. तिला कात्रीनं वळण लावावं लागतं: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. दोन छाटण्या, पीक एक. ऊन तापलं की मण्यात साखर झरझर चढते आणि आंबटपणा, विशेषतः मॅलिक आम्ल, तितक्याच झपाट्यानं जळून जातं. बेदाण्याला हे हवंच असतं. बुडबुड्यांच्या वाइनचं मात्र त्यात मरण आहे.

यावर उपाय म्हणजे वेळ साधणं. ऑक्टोबरनंतर वाढलेला घड डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींत पोसतो, आणि स्पार्कलिंगसाठीची तोडणी सगळ्यात आधी, ब्रिक्स १७-१८-१९च्या दरम्यान असतानाच होते. पहाटे किंवा रात्री बॅटरीच्या उजेडात तोडतात, म्हणजे फळ तापत नाही. आरगला माझे मामा आहेत. जन्म द्राक्षात गेला, बेदाण्याची शेड आहे, गळ्यात तुळशीची माळ. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले.

“आंबट हाय तवरच तोडायचं?” म्हणाले. “मग त्येला गोडी कवा यायची?”

“यायलाच नको असते, मामा. आंबटपणा घालवायचा नसतो.”

“म्हंजे आमच्या बेदाण्याच्या उलटं,” मामा म्हणाले, आणि मग शेतकऱ्याला सुचतो तो प्रश्न त्यांनी विचारला, “लवकर तोडायचं म्हंजे मार्चातल्या गारपिटीतनं बी सुटलं की गं?”

मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो. ज्या माणसानं अवकाळी पावसात, दावण्यात, भुरीत घड कुजताना पाहिले आहेत, त्याला जानेवारीत बाग मोकळी होणं म्हणजे काय, हे कळतं. लगेच बाग बदला असं मी कुणाला सांगणार नाही. वाइनच्या द्राक्षाचं उत्पन्न एकरी बरंच कमी असतं, मणी लहान, बियांचा, जाड सालीचा. वाइनरीनं घेतलं नाही तर तो बाजारात खायला विकता येत नाही. ही जोखीम मोठी आहे आणि आपल्याकडे ती अनुभवून झालेली आहे.

आपल्याकडची गोष्ट सुरू होते ती नारायणगावाहून. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीनं पायपर-हाइडसीक या शॅम्पेन घराण्याकडच्या तंत्रज्ञांना बोलावून बाटलीतल्या दुसऱ्या किण्वनाची वाइन तिथं तयार केली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावानं गेली, इथं ‘मार्की द पोंपादूर’ नावानं विकली गेली. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातून स्पार्कलिंग वाइन लंडनच्या दुकानात जाते, ही त्या काळी विश्वास बसणार नाही अशी बाब होती. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली, बंद पडली. पण तिनं एक शक्यता सिद्ध करून ठेवली, आणि तिचं ऋण नंतरच्या प्रत्येक बाटलीवर आहे. नाशिकला राजीव सामंत यांनी १९९७ला शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लांच्या वेली लावल्या, २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली आणि थोड्याच काळात तिची ब्रूटही. २०१३मध्ये खुद्द मोएत हेनेसीनं दिंडोरीला शांदों सुरू केली. जगातल्या सर्वांत मोठ्या शॅम्पेन घराण्यांपैकी एक घराणं नाशिकच्या द्राक्षांतून, तीच पद्धत वापरून वाइन करतं आणि तिला शॅम्पेन म्हणत नाही. आपल्या दक्षिण भागाला जवळची म्हणजे अकलूजची फ्रातेल्ली: इटलीतले सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि माळशिरस तालुक्यातले मोहिते-पाटील अशा तीन घराण्यांतल्या भावांनी मिळून २००७च्या सुमारास उभी केलेली. सोलापूर जिल्ह्याच्या त्या रखरखीत पट्ट्यात शेनिनची ब्रूट होते, हे मी आधी ऐकलं असतं तर मला खरं वाटलं नसतं.

शेनिन ब्लां ही मूळची फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली. उन्हातही आंबटपणा धरून ठेवण्याचा तिचा स्वभाव, आणि म्हणून ती इथं रमली. शार्दने आणि पिनो न्वार या शॅम्पेनच्या जाती आपल्याकडे त्यामानानं नाजूक ठरतात. शेनिनच्या ब्रूटला हिरव्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा आणि कधी कधी चक्क पेरूचा वास येतो. माझ्या मामेभावानं घोटभर घेतली आणि म्हणाला, “ताई, ह्यात साखरच न्हाई की.” मामा पीत नाहीत, त्यांनी पेला नाकाजवळ धरून परत दिला. “पेरू हाय,” एवढंच म्हणाले. मी पेरूचा उल्लेखही केला नव्हता.

मग मनात येतं, हे आपल्या सांगली जिल्ह्यात का नाही? २००१मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. विंचूरला गोदावरी आणि पलूसला कृष्णा अशी दोन वाइन पार्कं आखली गेली. पलूस मिरजेहून तासाभरावर. नाशिकला मुंबई जवळ होती, पर्यटक होते, द्राक्षबागेत मुक्कामाला येणारे लोक होते. तिथं धंदा टिकला. पलूसला तो बहर आला नाही. २००८च्या मंदीनंतर आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर वाइनची विक्री घसरली, वाइनऱ्यांकडे माल पडून राहिला, आणि राज्यात कित्येक शेतकऱ्यांनी वाइन द्राक्षाच्या वेली उपटून पुन्हा थॉम्पसन, सोनाका लावली. त्यांचा निर्णय बरोबरच होता. पोट त्यावर होतं. पण ज्या जिल्ह्यानं आपल्या निरीक्षणातून तास-ए-गणेशसारखी जात निवडून देशाला दिली, त्या जिल्ह्याच्या शेतकऱ्याला आंबट द्राक्ष पिकवता आलं नसतं, हे मला मान्य नाही. हात कमी पडले नाहीत, विकत घेणारा टिकला नाही.

शॅम्पेनवाले आपल्या नावाबाबत फार कडक आहेत, याचा काहींना राग येतो. मिरजकरांना तो येऊ नये. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपणही तेच मागत होतो: इथल्या शिकलगार कारागिरांनी दीडशे वर्षांहून जास्त काळ जोपासलेलं नाव दुसरीकडच्या वाद्याला लागू नये. मग त्यांच्या नावाचा मान आपण राखावा, आणि आपल्या वाइनला तिच्या गावाच्या नावानं उभं राहू द्यावं. ‘इंडियन शॅम्पेन’ हा शब्दप्रयोग मला दोघांचाही अपमान वाटतो. दिंडोरीची ब्रूट ही दिंडोरीची. तिच्यात खडूच्या जमिनीची आणि उत्तरेच्या थंडीची ती बारीक, दीर्घ चव नाही. चांगल्या शॅम्पेनची खोली तिला अजून आलेली नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तिच्यात फळाचा मोकळेपणा जास्त आहे, आणि ती तरुणपणी प्यायची आहे. अकलूजच्या किंवा नाशिकच्या बाटलीचं मोजमाप त्यावर व्हावं.

आणि जेवणावर. इथं मी अगदी आग्रही आहे. कोरडी स्पार्कलिंग ही केक कापताना फवारायची वस्तू नव्हे, ती खारट आणि तळणीच्या पदार्थांबरोबर प्यायची आहे. आंबटपणा आणि बुडबुडे दोन्ही मिळून जिभेवरचं तेल धुऊन काढतात आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. सांगलीची भडंग, पण तिखट कमी आणि लसूण-शेंगदाणे सढळ असलेली, हिच्याबरोबर मला कुठल्याही खाऱ्या काजूपेक्षा सरस वाटते. साबुदाण्याचे वडे, खरपूस तळलेली अळूवडी, कांदाभजी, रव्यात घोळवून तळलेला मासा, सगळं चालतं. पांढऱ्या रश्श्याबरोबर ती छान जाते. तांबड्या रश्श्याबरोबर घेऊ नका. बुडबुड्यांनी तिखट आणखी पेटतं आणि दोन्हींची चव जाते. नरसोबाच्या वाडीची बासुंदी किंवा पुरणपोळी पुढ्यात असेल तर ब्रूट मुळीच नको. गोडापुढे ती कडवट, पाणचट लागते. त्याला डेमी-सेक.

वाढायची रीत साधी आहे. बाटली सहा ते आठ अंशांवर हवी. आपल्या एप्रिलात ती टेबलावर ठेवून भागणार नाही. बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं निम्मं घालून अर्धा तास बुडवून ठेवा, वाढतानाही त्यातच ठेवा. नुसत्या बर्फात ती नीट गार होत नाही, पाणी लागतंच. उघडताना तोंड माणसांकडे करू नये. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, आवाज जितका कमी तितका वायू आत जास्त. आणि बाटली शोकेसमध्ये मांडून ठेवू नका. उजेडानं आणि उन्हाळ्यानं ती लवकर खराब होते.

हे लिहिताना माझ्यासमोर माझे मामा आहेत. आपल्या भागातल्या पुष्कळ द्राक्ष बागायतदारांच्या घरात माळ आहे, वारी आहे, दारू उंबऱ्याच्या आत येत नाही. त्या निष्ठेबद्दल मला खरा आदर आहे. आणि दारूनं घरं कशी बुडतात हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जे पीत नाहीत त्यांनी पिऊ नये, आणि मी जे सांगते आहे ते जेवणाबरोबरच्या एका पेल्याबद्दल. एक बाटली चार-पाच जणांत पुरते, पुरवावी.

जे घेतात त्यांना मात्र एक विनंती. बाटली घेताना मागची पट्टी वाचा. ‘ट्रॅडिशनल मेथड’, म्हणजे बाटलीतच दुसरं किण्वन झालेली, आणि ‘ब्रूट’, हे दोन्ही शब्द शोधा. द्राक्ष कुठल्या गावचं आहे ते पाहा. मिरज-सांगलीच्या दुकानांत अशी बाटली बहुधा समोर मांडलेली नसते, कारण ती फार कुणी मागत नाही. दुकानदाराला सांगा, महाराष्ट्रातली ब्रूट मागवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की तो ठेवतो.